विजेचा दाखला : फाईलमधला आणि भिंतीतला



रेशनकार्ड, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, घरपट्टीची पावती हे कागद कोणत्या पेटीत, कोणत्या पिशवीत आहेत, हे आपल्या घरातील बाईला झोपेतून उठवून विचारले तरी ती सांगेल. कागदाचे मोल आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. परंतु आपल्या घरातील विजेचे वायरिंग सुरक्षित आहे, असे सांगणारा कागद कुठे आहे, असे विचारले तर बहुतेक घरांत नवरा-बायको एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. असा कागद असतो, हेच पुष्कळांना ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी तो मीटर मिळवण्यापुरता आणून फाईलला लावलेला असतो. या वेळी आपण त्या कागदाबद्दल बोलू.

आम्ही हे उंच आसनावरून सांगत नाही. यात पहिला दोष आमचाच आहे, तो आधी सांगून टाकतो.

२०१९ साली आमच्या वस्तीतील समाजमंदिराच्या मागच्या खोलीत मंडळाने मुलांसाठी अभ्यासिका सुरू केली. मंडळाचे चिटणीसपद आमच्याकडे. खोलीसाठी वेगळे मीटर घ्यायचे होते. अर्जासोबत परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, असे कळले. वायरिंग वस्तीतल्याच एका होतकरू पोराने केले होते. त्याच्या हातात कसब होते, पण परवाना नव्हता. कोणीतरी एका ठेकेदाराचा पत्ता दिला. आम्ही त्याच्या दुकानात गेलो, पाचशे रुपये दिले आणि चहा संपायच्या आत सही-शिक्क्याचा कागद हातात आला. ठेकेदाराने खोली पाहिली नाही. आम्हीही "चला, एकदा पाहून घ्या" असे म्हटले नाही. आयुष्यभर कारकुनी केलेली माणसे आम्ही. कागदाला कागद जोडला की प्रकरण पूर्ण, ही आमची जुनी सवय. मीटर लागले, दिवे लागले, सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

२०२२च्या जुलै महिन्यात पाऊस सतत चालू होता. भिंतींना ओल आली होती, फरशीला पाणी सुटले होते. बारावीचा एक मुलगा अनवाणी पायाने लोखंडी उभा पंखा आपल्याकडे वळवायला गेला आणि पंख्याला चिकटला. दुसऱ्या मुलाने प्रसंगावधान राखून मेन स्विच खाली ओढला, म्हणून तो वाचला. हाताला भाजले, दोन दिवस रुग्णालयात काढावे लागले. त्याची आई चार घरची धुणीभांडी करते. रुग्णालयाच्या पायरीवर बसून तिने आम्हाला विचारले, "भाऊ, मीटर घेतलं तवा तपासणीचा कागद आणला व्हता ना तुम्ही? मग माझ्या पोराला करंट कसा लागला?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. रात्री घरी येऊन फाईल उघडली. कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिले होते, 'अर्थिंग : आहे'. दुसऱ्या दिवशी जाणकार माणसाकडून सॉकेट उघडून घेतले. थ्री-पिनच्या वरच्या मोठ्या भोकामागे तारच नव्हती. कागदावर अर्थिंग होते, भिंतीत नव्हते.

हा कागद कोणी द्यावा?

विजेच्या मांडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करावे, असे १९५६ सालच्या भारतीय विद्युत नियमांत होते. पुढे २००३ साली नवा विद्युत कायदा आला. त्याखाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० साली सुरक्षेचे विनियम केले, आणि त्यांच्या जागी २०२३ साली नवे विनियम आले. नावे व क्रमांक बदलले. काम जाणत्या व जबाबदार माणसाकडून व्हावे आणि वीज जोडण्यापूर्वी ते तपासले जावे, हा गाभा बदललेला नाही.

बल्ब, पंखा, फ्यूज किंवा स्विच बदलणे यासाठी परवाना लागत नाही. पण नवी वायर टाकणे, बोर्ड वाढवणे, मीटरपासून घरापर्यंत लाईन आणणे ही परवान्याची कामे आहेत. आपल्या राज्यात शासनाचे अनुज्ञापक मंडळ हे परवाने देते. ठेकेदाराचा परवाना वेगळा, पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र वेगळे आणि वायरमनचा, म्हणजे तारतंत्रीचा, परवाना वेगळा. प्रत्येकावर क्रमांक असतो आणि मुदत असते. "परवाना दाखवा" असे म्हणण्यात कोणाचा अपमान नाही. आपण रिक्षात बसतो तेव्हा चालकाजवळ लायसन्स असेलच असे धरून चालतो. इथे तर संपूर्ण घर त्याच्या हाती देतो.

वस्तीतल्या हुशार पोरांना कामावरून हाकलून द्या, असे आमचे म्हणणे नाही. उलट त्यांनी आय.टी.आय.मध्ये तारतंत्री किंवा वीजतंत्रीचा अभ्यासक्रम करून परवाना काढावा. आपल्याच माणसाच्या हातात परवाना असला तर खोटा कागद विकत आणायची पाळी कोणावर येणार नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. तेव्हा देशाच्या वीजनिर्मितीचे धोरण आखण्याचे काम त्यांच्या खात्याकडे होते. आज गरिबाच्या झोपडीतही वीज आली आहे. ती सुरक्षित ठेवणे ही आपली पुढची जबाबदारी आहे.

तपासणी म्हणजे नेमके काय मोजायचे?

टेस्ट रिपोर्टच्या मागे निदान चार गोष्टी प्रत्यक्ष तपासलेल्या असल्या पाहिजेत.

पहिली, वायरच्या वेष्टनाची. मेगर नावाच्या यंत्राने ५०० व्होल्टचा दाब देऊन वायर आणि जमीन यांच्यातील रोध मोजतात. तो निदान एक मेगओहम असावा लागतो. वेष्टन कुजले, उंदराने कुरतडले किंवा भिंतीच्या ओलीने खराब झाले, तर हा आकडा खाली येतो. दिवा मात्र नेहमीसारखा लागतच राहतो, म्हणून डोळ्यांना काही कळत नाही.

दुसरी, अर्थिंगची. प्रत्येक थ्री-पिन सॉकेटपासून जमिनीतल्या पाईप किंवा पट्टीपर्यंत हिरवी तार सलग पोहोचते का, आणि जमिनीशी तिचा संपर्क चांगला आहे का, हे पाहतात. उपकरणाच्या लोखंडी अंगात वीज उतरली तर तिला जमिनीत जाण्यासाठी सोपी वाट हवी. ती नसेल तर हात लावणारा माणूसच वाट होतो. आमच्या अभ्यासिकेत तेच झाले. न्यूट्रलची तार अर्थच्या भोकाला जोडणे किंवा नळाच्या पाईपला अर्थ बांधणे, हे दोन्ही प्रकार जिवावर बेतणारे आहेत.

तिसरी, स्विच फेजच्या तारेवरच आहे का, ही. स्विच न्यूट्रलवर असेल तर तो बंद करूनही होल्डरमध्ये वीज राहते. बल्ब बदलताना झटका बसतो तो पुष्कळदा यामुळे.

चौथी, संरक्षक स्विचची. इथे मोठा गैरसमज आहे. फ्यूज किंवा एम.सी.बी. आहे म्हणजे आपण सुरक्षित, असे लोक मानतात. वास्तविक फ्यूज आणि एम.सी.बी. वायरला जळण्यापासून वाचवतात, माणसाला नव्हे. हिशेब पाहा. शंभर वॅटचा साधा पिवळा बल्ब सुमारे ४३० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. माणसाच्या अंगातून दहा-पंधरा मिलिअँपिअर गेले तरी स्नायू आखडतात आणि हात सुटत नाही. तीस मिलिअँपिअरहून जास्त प्रवाह काही क्षण छातीतून गेला तर हृदयाची गती बिघडू शकते. म्हणजे त्या बल्बच्या चौदाव्या हिश्श्याएवढी वीज माणसाला पुरते. पाच अँपिअरचा, म्हणजे पाच हजार मिलिअँपिअरचा फ्यूज ती कशी ओळखणार? माणूस गेला तरी फ्यूज शाबूत राहतो.

यासाठी आर.सी.सी.बी. नावाचा वेगळा स्विच असतो. जाणारी आणि परत येणारी वीज सारखी आहे की नाही, हे तो सतत पाहतो. मधेच कुठे गळती झाली की क्षणार्धात पुरवठा तोडतो. घरासाठी तो ३० मिलिअँपिअरचा घ्यावा. अर्थिंग नीट असेल तर उपकरणात दोष निर्माण होताच, माणसाचा हात लागण्यापूर्वीच तो पडतो. मात्र फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच वेळी पकडल्या तर तोही वाचवू शकत नाही, हे ध्यानात ठेवा. त्यावर 'टी' अक्षराचे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. स्विच खटकन पडला तर तो जागा आहे. पडला नाही तर बदलावा.

हा स्विच जुन्या वायरिंगमध्ये वारंवार पडतो. मग कोणी तरी सांगतो, "हा कटकट करतो, काढून टाका, डायरेक्ट जोडून देतो." कृपा करून तसे करू देऊ नका. तो कटकट करीत नाही, घरात कुठेतरी गळती आहे किंवा तारा चुकीच्या जोडल्या आहेत, असे ओरडून सांगत असतो.

भाड्याच्या घरात

आपली पुष्कळ कुटुंबे भाड्याने राहतात. एका मीटरवर चार खोल्या, सबमीटर लावलेला, बाहेरून लोंबणारी वायर, हे चित्र नवे नाही. तक्रार केली तर मालक म्हणतो, "जमत नसेल तर खोली सोडा."

इंग्लंडमध्ये २०२० सालच्या नियमांनी खासगी घरमालकाला निदान दर पाच वर्षांनी वायरिंग तपासून घेणे आणि अहवालाची प्रत भाडेकरूला देणे बंधनकारक केले. आपल्याकडे मालकाने भाडेकरूच्या हाती असा अहवाल ठेवण्याची रीत नाही. तरीही भाडेकरू अगदीच निराधार नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम १४ प्रमाणे जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. भाडेकरूने निदान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊनही मालकाने योग्य वेळेत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून वजा करू शकतो. मात्र एका वर्षात वजा करायची रक्कम त्या वर्षीच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून जास्त होता कामा नये. भांडण झाले म्हणून सबळ कारणाशिवाय वीज तोडणे मालकाला कलम २९ प्रमाणे करता येत नाही. नोटीस पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा, दुरुस्तीचे बिल परवानाधारकाकडूनच घ्या.

'लिव्ह अँड लायसन्स'वर अकरा महिन्यांसाठी राहणाऱ्याचे हक्क मात्र मुख्यतः करारातून येतात. म्हणून सही करण्यापूर्वी दोन वाक्ये लिहून घ्या : वायरिंग व अर्थिंग परवानाधारकाकडून तपासलेले आहे, आणि त्यातील दुरुस्ती मालक करील. मालक आढेवेढे घेऊ लागला तर तेवढ्यावरूनच घराची स्थिती समजावी.

दुकान, गिरणी आणि इस्त्री

घराच्या पुढच्या खोलीत कोणी झेरॉक्सचे यंत्र लावतो, कोणी पिठाची गिरणी, कोणी शिलाई मशिनला मोटर, कोणी आईस्क्रीमचा फ्रीज. स्वतःच्या पायावर उभे राहण्याची ही धडपड कौतुकाची आहे. परंतु मीटर घेताना जेवढा भार मंजूर झाला, तेवढ्याच भाराला पुरेल अशी वायर टाकलेली असते. दोन दिवे आणि एका पंख्याच्या वायरवर गिरणीची मोटर चढवली की वायर भिंतीच्या आत तापते, वेष्टन वितळते, आणि एखाद्या रात्री आग लागते. म्हणून यंत्र आणण्यापूर्वी भार वाढवण्याचा अर्ज करावा आणि मांडणीची पुन्हा तपासणी करून घ्यावी. आपला व्यवसाय कोणत्या वीजदरात बसतो, तेही कार्यालयात विचारून घ्यावे. मंजूर कारणाखेरीज दुसऱ्या कारणासाठी वीज वापरल्यास विद्युत कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे दुप्पट दराने आकारणी होऊ शकते.

जयंतीच्या रोषणाईबद्दलही इथेच सांगतो. खांबावर आकडा टाकून महामानवाला अभिवादन होत नाही. मंडळाने तात्पुरत्या जोडणीसाठी अर्ज करावा, परवानाधारकाकडून मांडणी करून घ्यावी आणि लोखंडी कमानीला अर्थिंग द्यावे. कमानीखालून आपलीच लेकरे जातात.

उंच इमारतीत राहायला जाताना

झोपडी जाऊन पुनर्वसनाच्या इमारतीत घर मिळाले की आनंद होतो. पंधरा मीटरपेक्षा उंच इमारतीत वीज सुरू करण्यापूर्वी शासनाच्या विद्युत निरीक्षकाकडून तपासणी व्हावी लागते. सोसायटीचा ताबा घेताना किल्ल्या आणि पाण्याच्या टाकीबरोबर हा मंजुरीचा कागद बिल्डरकडून मागून घ्या आणि दप्तरात ठेवा. मीटरच्या खोलीत सायकली, भंगार, जुन्या गाद्या भरू नका. आग लागली तर ती जिन्यातून वर चढते.

कागद हाती आल्यावर

आम्ही कारकून म्हणून सांगतो, कागद खरा की पोकळ हे वाचल्यावर बरेचसे कळते. ठेकेदाराचा परवाना क्रमांक व मुदत आहे का, ते पाहा. तपासणीची तारीख पाहा; त्या दिवशी तुमच्या घरी खरोखर कोणी आले होते का, ते आठवा. आकड्याच्या जागी आकडा हवा, नुसते 'ठीक' किंवा 'आहे' चालणार नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मोजणी चालू असताना घरातील एका माणसाने शेजारी उभे राहावे आणि "हा आकडा कशाचा?" असे विचारावे. बायकांनी तर अवश्य विचारावे. मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटर यांना दिवसभर हात त्यांचाच लागतो.

एकदा तपासले म्हणजे जन्मभराची निश्चिंती झाली, असेही नाही. जोडणी असलेल्या मांडणीची पाच वर्षांच्या आत पुन्हा तपासणी व्हावी, हे तत्त्व १९५६च्या नियमांतही होते आणि २०१०च्या विनियमांतही होते. आपण घर दर दिवाळीला किंवा लग्नकार्याला रंगवतो. त्या खर्चातला थोडा भाग वायरिंगसाठी बाजूला काढावा.

आणि तरीही अपघात झालाच, तर आधी मेन स्विच बंद करा. चिकटलेल्या माणसाला हाताने ओढू नका. कोरड्या लाकडाने दूर करा. शुद्धीवर आला तरी डॉक्टरला दाखवा. रस्त्यावरची तार तुटली असेल तर दूर उभे राहून १९१२ क्रमांकावर कळवा. जीव गेला किंवा गंभीर इजा झाली तर पोलिसांबरोबर विद्युत निरीक्षकालाही लेखी कळवा. विद्युत कायद्याच्या कलम १६१ खाली अशा अपघाताची चौकशी होते, आणि भरपाई मागताना त्या चौकशीचा अहवाल उपयोगी पडतो. "नशिबात होते" असे म्हणून गप्प बसू नका. तुटलेल्या तारेला कारण असते, नशीब नसते.

आमच्या अभ्यासिकेचे काय झाले?

त्या अपघातानंतर आम्ही मंडळाच्या सभेत उभे राहून झाली गोष्ट जशीच्या तशी सांगितली. कोणी दोष दिला, कोणी सांभाळून घेतले. दुसऱ्या एका परवानाधारक ठेकेदाराला बोलावले. या वेळी तो मेगर घेऊन आला. ओल्या भिंतीतील एका लाईनचा आकडा अर्धा मेगओहमसुद्धा भरला नाही. ती लाईन काढून टाकली, बाहेर खड्डा खणून अर्थिंगचा पाईप पुरला, प्रत्येक सॉकेटला तिसरी तार ओढली, आर.सी.सी.बी. बसवला. खर्च अकरा हजारांवर गेला. वर्गणी काढली. त्या मुलाच्या आईनेही पन्नास रुपये दिले. आम्ही नको म्हणालो, तर म्हणाली, "घ्या भाऊ, माझं पोरगं तिथंच बसणार हाय."

आज दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अभ्यासिकेतील एक मुलगा किंवा मुलगी ते बटण दाबते, आणि भिंतीवर टांगलेल्या वहीत तारीख घालून सही करते. पाचशे रुपयांचा तो जुना कागद आम्ही फाडला नाही. तो फाईलमध्ये तसाच आहे. सही करण्यापूर्वी आम्ही तो अधूनमधून काढून पाहतो.

तुम्हीही या रविवारी एवढे करा : घरातल्या बोर्डाजवळ जा आणि 'टी'चे बटण आहे का ते पाहा. असेल तर दाबा. नसेल तर परवानाधारक वायरमनला बोलवा.

जयभीम.